डोंगराची हद्द : फुलपाडा, जीवदानी आणि विरारच्या भूदृश्याचा इतिहास

विरार पूर्वेला, रेल्वेमार्गापासून थोड्याच अंतरावर, जीवदानीचा डोंगर उभा आहे. त्याच रांगेत पापडखिंड आहे, आणि खिंडीतून उतरणाऱ्या पाण्याच्या वाटेवर फुलपाडा वसलेला आहे. या डोंगराच्या भूदृश्याचा, म्हणजे निसर्ग आणि माणूस या दोघांच्या कामातून जमिनीला वेळोवेळी जे रूप येत गेले त्याचा, इतिहास मांडणे हा प्रस्तुत व्याख्यानाचा हेतू आहे. वसई-विरारसारख्या झपाट्याने वाढलेल्या शहरात डोंगर म्हटला की बहुधा माथा डोळ्यांपुढे येतो : माथ्यावरचे मंदिर, माथ्यालगतची झाडी, वनखात्याची हद्द दाखवणारे दगड. डोंगराचा इतिहास पाहू गेल्यास मात्र असे दिसते, की तो माथ्यापाशी सुरू होत नाही आणि वनहद्दीपाशी संपतही नाही. त्याचा उतार, उताराखालचे ओहोळ, ओहोळाखालची भातखाचरे आणि त्यांच्याही खालची खाजणे हे सारे एकाच रचनेचे भाग आहेत. शहराने संरक्षण दिले ते या रचनेच्या वरच्या टोकाला, आणि उरलेला डोंगर जवळजवळ बेवारशी सोडला, हे या व्याख्यानाचे मुख्य प्रतिपादन आहे.

डोंगर ज्या खडकाचा आहे तो दख्खनच्या पठाराचाच काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीतील भेगांतून लाव्हारस थरावर थर पसरत गेला आणि थिजला, त्या प्रचंड घडामोडीची ही पश्चिमेकडची कड आहे. घाटमाथ्यावर हे थर जवळजवळ आडवे दिसतात. उत्तर कोकणाच्या या पट्ट्यात मात्र ते पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेने कललेले आहेत. कठीण थर आणि त्यांच्यामधले मऊ, सच्छिद्र थर यांच्या या कललेल्या उतरंडीमुळे पावसाचे पाणी काही वाहून जाते आणि काही खडकाच्या सांध्यांत मुरून खालच्या अंगाला झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, आणि तोही जूनपासून सप्टेंबरपर्यंतच्या चार महिन्यांत, अशा प्रदेशात पायथ्याच्या वस्त्यांना पाणी कोठे मिळणार आणि पूर कोठे येणार, हे पुष्कळसे या खडकाच्या रचनेने आधीच ठरवून ठेवलेले असते.

आज डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये इमारतींची सलग दाटी आहे. दोन हजार वर्षांपूर्वी तेथे पाणी होते. वसई हे त्या काळी, आणि पुढे पोर्तुगीज अमदानीतही, बेटच होते. दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा आणि पूर्वेला या दोहोंना जोडणारी सोपाऱ्याची खाडी, अशी त्या बेटाची सीमा होती. म्हणजे जीवदानीची रांग ही मुख्य भूमीची कड होती आणि तिच्या समोर, खाडीपलीकडे, प्राचीन शूर्पारक वसलेले होते. आजचे नालासोपारा हे त्याच बंदराचे नाव अंगावर वागवते. तेथे १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी बुरुडराजाचा कोट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकाडाचे उत्खनन केले तेव्हा विटांच्या स्तूपाच्या गाभ्यातून दगडी करंडक, बुद्धमूर्ती आणि सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याचे नाणे बाहेर आले. त्याच वर्षी सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा येथेच सापडला आणि १९५६ मध्ये जवळच्या भुईगावला नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. ज्या दगडावर ही अक्षरे आहेत तो बेसॉल्टच आहे. बंदराचे वैभव सांगताना इतिहासकार खाडीकडे आणि समुद्राकडे पाहतात, ते योग्यच आहे. परंतु बंदराला लाकूड, जळण, पाणी आणि बांधकामाचा दगड लागतो आणि या चारही गोष्टींसाठी त्याची पाठ ज्या भूमीला टेकलेली असते तिच्यावर ते जगते. शूर्पारकाची पाठ या डोंगरांना टेकलेली होती. खाडीतून आत येणाऱ्या नावाड्यालाही किनारा ओळखण्यासाठी प्रथम दिसत असेल ती ही रांगच.

डोंगरावर खडकात कोरलेली लेणी आणि पाण्याची टाकी आहेत, तटबंदीचे अवशेष आहेत, आणि लेण्यातील देवीची जीवदानी म्हणून पूजा होते. लोकपरंपरा या लेण्यांचा संबंध पांडवांशी आणि विरारचा संबंध विराटनगरीशी जोडते. ही कथा इतिहास म्हणून घेता येत नाही, तरी डोंगरावरील कोरीव काम स्थानिक लोकांच्या स्मृतीलाही फार जुने वाटत आले, एवढी साक्ष तिच्यातून निश्चित मिळते. पुढच्या राजकीय उलाढालींचा, म्हणजे १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे जाणे, १७३७ ते १७३९ ची मराठ्यांची मोहीम, चिमाजी अप्पांचा विजय, १८०२ चा वसईचा तह आणि त्यानंतरचा इंग्रजी अंमल, यांचा तपशील इतरत्र विपुल आहे आणि येथे त्याची पुनरुक्ती नको. भूदृश्याच्या दृष्टीने त्यातील एकच गोष्ट महत्त्वाची आहे. प्रत्येक सत्तेला डोंगरातून दोन गोष्टी हव्या होत्या : टेहळणीची जागा आणि लाकूड. ठाणे आणि वसईच्या रानातला साग जहाजबांधणीसाठी पोर्तुगीजांनी वापरला आणि पुढे मुंबईच्या गोदीलाही उत्तर कोकणचा साग लागत राहिला. किल्ला जाऊन तटाचे दगड उरले. सागाच्या बाबतीत तेही झाले नाही, कारण तोडलेल्या झाडाचा अवशेष जमिनीवर राहत नाही आणि म्हणून ही हानी इतिहासाच्या पुस्तकांतून सहज निसटते.

डोंगराच्या पायथ्याची कथा याहून निराळी आणि कदाचित अधिक उद्‌बोधक आहे. खाडीच्या कडेची जी जमीन भरतीच्या पाण्याखाली जाते आणि ओहोटीला उघडी पडते ती खाजण. अशा जमिनीला मातीचा बांध घालून भरती बाहेर थोपवायची, पावसाचे गोडे पाणी आत खेळवून आणि ते बांधातील उघाडीतून, म्हणजे पाणी सोडण्या-अडवण्याच्या झडपेच्या दारातून, बाहेर सोडून मीठ धुऊन काढायचे आणि काही वर्षांनी तेथे खाऱ्या जमिनीत येणारे भात घ्यायचे, ही उत्तर कोकणातील शेतकऱ्यांची जुनी विद्या आहे. ठाणे जिल्ह्यात असा बांध घालून जमीन लागवडीखाली आणणाऱ्याला खास सवलतीचा हक्क मिळे आणि त्या धारापद्धतीला शिलोत्तरी म्हणत. ज्या खाजणात गोडे पाणी पुरेसे पोहोचत नसे तेथे मिठागरे होत. येथे ध्यानात घेण्याजोगी बाब ही, की खाजणाचे मीठ धुणारे गोडे पाणी डोंगरावरून येते. वरचे रान शाबूत असेल तर ओहोळ पाऊस ओसरल्यावरही काही काळ वाहतो आणि खाजण धुतले जाते. वरचे रान गेले तर तेच पाणी एका रात्रीत लोंढ्याने येऊन बांध फोडते. शिलोत्तरीच्या बांधाला आणि डोंगरावरच्या ऐनाच्या झाडाला एकमेकांची गरज होती. महसुलाच्या दप्तरात मात्र खाजण एका खात्याकडे आणि डोंगर दुसऱ्या खात्याकडे गेला, आणि ही फाळणी पुढच्या अनर्थाचे मूळ ठरली.

१८६४ मध्ये बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मार्ग ग्रँट रोडपर्यंत पोहोचला आणि १८६७ मध्ये विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत प्रवासी गाडी धावू लागली. मुंबईच्या उपनगरी रेल्वेच्या इतिहासात ही घटना प्रारंभ म्हणून सांगितली जाते. डोंगराच्या इतिहासात ती बाजारपेठ दाराशी येण्याची घटना होय. रुळांखालच्या पट्ट्यांना लाकूड लागले, खडीला दगड लागला, मुंबईच्या चुलींना जळण आणि कोळसा लागला. शहरातील घोड्यांच्या पागांना आणि गोठ्यांना लागणारे गवत ठाणे जिल्ह्यातून दाबून बांधलेल्या गठ्ठ्यांच्या रूपाने गाडीने जाऊ लागले आणि किनारपट्टीच्या स्थानकांजवळ गवताच्या वखारी उभ्या राहिल्या. ज्या डोंगरउतारांवर पूर्वी मिश्र झाडी होती त्यांपैकी काही उतार गवताच्या किमतीमुळे मुद्दाम उघडे ठेवले गेले, हे लक्षात घेतले की डोंगराचे आजचे बोडके पट्टे सर्वस्वी नैसर्गिक नाहीत, हे कळते. दरवर्षी उन्हाळ्यात गवताला लागणारे वा लावले जाणारे वणवे त्या पट्ट्यांना तसेच बोडके ठेवतात, कारण आगीत कोवळे रोप जळते आणि गवताचा कंद मात्र वाचतो.

याच काळात वनखात्याचे राज्य सुरू झाले. १८७८ च्या वन अधिनियमाने सरकारी जंगलांची राखीव आणि संरक्षित अशी वर्गवारी केली. राखीव वनात स्थानिक लोकांचे हक्क जवळजवळ संपले आणि संरक्षित वनात ते सरकारच्या मर्जीवर राहिले. ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांत या कायद्याविरुद्ध जो असंतोष उसळला त्याचे केंद्र राब हे होते. राब म्हणजे पावसाळ्यापूर्वी भाताच्या किंवा नागलीच्या रोपवाटिकेच्या तुकड्यावर झाडांच्या छाटलेल्या फांद्या, पालापाचोळा, शेण आणि वर मातीचा पातळ थर पसरून तो जाळणे. त्या उष्णतेने तणाचे बी मरते, माती भुसभुशीत होते आणि रोप जोमाने उठते. त्यासाठी शेतकऱ्याला दरवर्षी फांद्या छाटाव्या लागत. वनअधिकाऱ्यांना ही जंगलाची नासाडी वाटली, शेतकऱ्यांना ती शेतीची पहिली पायरी वाटत होती, आणि वाद इतका चिघळला की मुंबई सरकारला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला, ज्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. १८९३ मध्ये डॉ. व्होल्कर यांच्या भारतीय शेतीसुधारणेवरील अहवालातही राबाची दखल घेतली गेली.

राबाचा हा वाद आज केवळ जुना म्हणून बाजूला सारण्याजोगा नाही. छाटणी करणारा शेतकरी झाड मारत नव्हता, कारण पुढच्या वर्षी त्याला त्याच झाडाची फांदी हवी होती. ऐन, किंजळ यांसारखी झाडे छाटणीनंतर पुन्हा फुटतात आणि त्यांचे खुंटासारखे, गाठाळ झालेले बुंधे कोकणच्या वरकस जमिनीत, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीत, अजूनही दिसतात. त्या बुंध्यांकडे पाहून ‘खुरटलेले जंगल’ असा शेरा मारणारा अधिकारी आणि त्याच बुंध्याकडे उद्याचा राब म्हणून पाहणारा शेतकरी यांच्यामध्ये कोणाचे बरोबर होते, याचे एकशब्दी उत्तर नाही. शेतकऱ्याच्या छाटणीने डोंगर विरळ केला हे खरे. परंतु त्याच शेतकऱ्याच्या गरजेने डोंगर डोंगर म्हणून राखला, हेही तितकेच खरे. वनखात्याने त्याला उतारावरून हटवले तेव्हा उताराची रोजची राखणदारीही त्याच्याबरोबर गेली. वारली, काथोडी, मल्हार कोळी अशा आदिवासी समाजांच्या वाट्याला तर एक साली प्लॉट आले, म्हणजे वनजमिनीचा तुकडा एका वर्षाच्या बोलीवर कसायला मिळे आणि पुढच्या वर्षाची शाश्वती नसे. ज्याला पुढच्या वर्षाची खात्री नाही त्याने जमिनीला बांध घालावा, झाड लावावे, ही अपेक्षा अन्यायाची होती.

या साऱ्यातून जे रान उरले ते दमट पानझडी प्रकारचे आहे. साग, ऐन, किंजळ, कुंभा, हेद, कळंब, पळस, काटेसावर, मोह, खैर ही त्यातली मुख्य झाडे; खाली कुडा, धायटी, करवंद; आणि पूर्वेकडे तुंगारेश्वराच्या उंच, ओलसर दऱ्यांत आंबा, जांभूळ, अंजनी यांची सदाहरित म्हणावी अशी झाडी. या रानाचे शहराशी असलेले नाते जून महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात बाजारात जाऊन पाहावे. पहिल्या पावसाबरोबर आदिवासी स्त्रिया शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात. शेवळ हे सुरणाच्या कुळातील रानटी कंदाचे फुलोऱ्याचे कोंब. त्यांना घशाला खाज आणणारा चीक असतो आणि तो मोडण्यासाठी भाजीत काकड नावाच्या झाडाची आंबट फळे घालावी लागतात. म्हणून विकणारी बाई शेवळांबरोबर मूठभर काकडेही देते. ही काकडाची मूठ दोन गोष्टी सांगते : एक, कंद जमिनीत आणि काकडाचे झाड वर, अशी दोन्ही अजून डोंगरात शिल्लक आहेत, आणि दोन, कोणते कशाबरोबर खावे याचे ज्ञान अजून पाड्यांवर शिल्लक आहे. त्यापुढे कवला, टाकळा, कर्टोली, भारंगी अशी पावसाळाभर एकामागून एक भाज्यांची हजेरी लागते. वनस्पतिशास्त्रज्ञाच्या सूचीइतकाच हा बाजारही डोंगराच्या प्रकृतीचा भरवशाचा दाखला आहे.

स्वातंत्र्यानंतरच्या संरक्षणाचा इतिहास कायद्यांच्या थरांचा आहे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमावर १९७५ चा महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम आला, ज्याने ३० ऑगस्ट १९७५ पासून खाजगी मालकीची वने शासनाकडे घेतली. १९८० मध्ये वन (संवर्धन) अधिनियम आला. २००६ मध्ये वननिवासींचे हक्क मान्य करणारा अधिनियम आला. खाजगी वनांच्या कायद्याने मुंबई महानगर प्रदेशात अनेक सातबारा उताऱ्यांवर वनाची नोंद चढली आणि त्यातून दीर्घ खटले उभे राहिले. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोदरेज अँड बॉइस प्रकरणात, केवळ जुनी नोटीस निघाली एवढ्यावरून जमीन खाजगी वन ठरत नाही, असा निर्णय दिला. मालकाच्या बाजूने तो न्याय्य असेल; डोंगरउतारांचा प्रश्न मात्र त्याने सुटला नाही.

येथे भूगोलाचा एक तपशील स्पष्ट करणे आवश्यक आहे. मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्ग या डोंगराळ प्रदेशाचे दोन भाग करतो. महामार्गाच्या पूर्वेला तुंगारेश्वर आणि कामणदुर्गाचा सुमारे ६५० मीटर उंचीपर्यंत जाणारा मोठा डोंगरसमूह आहे. तेथे २००३ मध्ये सुमारे ८५ चौरस किलोमीटरचे तुंगारेश्वर वन्यजीव अभयारण्य घोषित झाले आणि २०१९ मध्ये त्याच्याभोवती पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र, म्हणजे अभयारण्याला लागून असलेला नियंत्रित वापराचा पट्टा, अधिसूचित झाला. त्याच वर्षी अभयारण्यातील एका आश्रमाचे अनधिकृत बांधकाम न्यायालयाच्या आदेशाने पाडण्यात आले. जीवदानी, पापडखिंड आणि फुलपाडा महामार्गाच्या पश्चिमेला, म्हणजे शहराच्या थेट अंगाला आहेत. दक्षिणेकडील संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, खाडीच्या उत्तर काठावरचा नागला, तुंगारेश्वर आणि ईशान्येकडील तानसा अभयारण्य अशी जी रानांची साखळी सांगितली जाते, तिची ही पश्चिमेकडे निघालेली फांदी आहे. साखळीचा उल्लेख प्रत्येक आराखड्यात होतो. या फांदीचा क्वचितच होतो, कारण ती अभयारण्य नाही आणि म्हणून नकाशावर तिला वेगळा रंग नाही.

शहर वाढले ते फार थोड्या काळात. १९९० मध्ये वसई-विरार उपप्रदेशासाठी सिडको या शासकीय महामंडळाची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नियुक्ती झाली. त्याच सुमारास हरित पट्टे बांधकामाला खुले होण्याच्या विरोधात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईचे आंदोलन उभे राहिले, ज्याचा आवाज महाराष्ट्रभर पोहोचला. २००७ मध्ये विकास आराखडा मंजूर झाला, २००९ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली, २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे १२ लाख २२ हजार भरली आणि २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला. हरित वसईच्या लढ्याने पश्चिमेकडच्या वाड्या, केळीच्या बागा आणि बावखले, म्हणजे वाडीतली पाणी साठवणारी खोदीव तळी, यांना सार्वजनिक चर्चेत स्थान मिळवून दिले, आणि त्याबद्दल हा तालुका त्या आंदोलनाचा ऋणी राहील. पूर्वेकडच्या डोंगरांना आणि पाड्यांना मात्र तसा संघटित आवाज मिळाला नाही. वाडीवाल्याकडे जमिनीचा सातबारा होता, चर्चची आणि ग्रामसभेची संघटना होती, लिहिणारी-बोलणारी माणसे होती. डोंगराखालच्या पाड्याकडे यांतले फारसे काही नव्हते.

इमारती उभ्या राहिल्या त्या मुख्यतः खाजणांवर आणि भातखाचरांवर. तेथे बांधायचे तर आधी भराव घालावा लागतो, आणि भरावाला माती-मुरूम लागतो. मुरूम म्हणजे कुजत आलेला, हाताने फुटणारा बेसॉल्ट. तो डोंगराच्या पायथ्याशी आणि खालच्या उतारांवर सर्वाधिक मिळतो. वसई तालुक्याच्या पूर्व भागात दगडखाणी आणि मुरुमाच्या खोदणी पसरल्या त्या यामुळे. या व्यवहाराचा भूदृश्यावरील परिणाम दुहेरी आहे. डोंगराचा पाय कापला गेल्याने वरचा उतार आधाराविना उभा राहतो, आणि कापलेला पाय खाजणात ओतला गेल्याने पावसाचे पाणी व भरतीचे पाणी जेथे विसावत होते ती जागाच नाहीशी होते. एकाच ट्रकने डोंगर आणि खाडी या दोहोंची हानी होते, आणि परवाने देणारी कार्यालये वेगवेगळी असल्याने दोहोंचा हिशेब एकत्र कधी मांडला जात नाही.

बांधकाम नियमावलीत डोंगरउतारांसाठी तरतूद आहे. एकास पाच किंवा त्याहून तीव्र उतार, म्हणजे पाच मीटर आडवे गेल्यावर एक मीटर वा अधिक चढ, अशा जमिनीवर बांधकामाला मनाई असते. पुण्यात या तत्त्वाच्या आधारे टेकड्यांच्या माथ्या-उतारांचे रक्षण करण्याचा दीर्घ झगडा झाला. महापालिकेत समाविष्ट झालेल्या गावांतील सुमारे ९७८ हेक्टर टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण २०१५ मध्ये मान्य झाले आणि वेताळ टेकडीसाठी आजही नागरिक रस्त्यावर येतात. पुण्याचा धडा विरारला उपयोगी आहे, पण अपुरा आहे. पुण्याच्या टेकड्यांचा प्रश्न प्रामुख्याने टेकडीवर काय बांधले जाते हा आहे; विरारच्या डोंगराचा प्रश्न डोंगरातून काय उचलून नेले जाते हाही आहे. उताराच्या प्रमाणावर आधारलेला नियम आजचा उतार मोजतो. ज्याने पायथा आधीच कापून सपाट केला त्याच्या जमिनीवर उतार उरत नाही आणि नियमाची मनाईही उरत नाही. कायदा मोडणाऱ्यालाच कायद्याचा लाभ मिळावा, अशी ही विपरीत स्थिती आहे, आणि ती बदलायची तर खोदणीपूर्वीच्या जुन्या समोच्च रेषा, म्हणजे भारतीय सर्वेक्षण खात्याच्या नकाशांवरील समान उंचीच्या रेषा, प्रमाण मानाव्या लागतील.

पापडखिंडीचे उदाहरण या संदर्भात जवळून पाहण्यासारखे आहे. खिंड म्हणजे रांगेतील खाली उतरलेली फट, जिच्यातून पायवाट आणि पाणी दोन्ही वाट काढतात. फुलपाड्याच्या वर अशा खिंडीत पाणी अडवून छोटे धरण बांधले गेले आणि ते शहराच्या पाणीपुरवठ्याचा भाग झाले. आकडे बोलके आहेत. २०२३ पर्यंतच्या हिशेबात शहराला रोज सूर्या योजनेतून २०० दशलक्ष लिटर, उसगावातून २०, पेल्हारमधून १० आणि पापडखिंडीतून १ दशलक्ष लिटर पाणी मिळणे अपेक्षित होते. त्यानंतर सूर्याच्या प्रादेशिक योजनेतून आणखी १८५ दशलक्ष लिटरांची तरतूद झाली. सूर्याचे पाणी उत्तरेकडे दूर असलेल्या धामणी धरणातून येते, म्हणजे विरारचा रहिवासी जे पाणी पितो ते मुख्यतः दुसऱ्या डोंगराचे, दुसऱ्या आदिवासी भागाचे असते. दोनशे एकतीसांतला एक हा वाटा पाहून पापडखिंड नगण्य आहे, असा निष्कर्ष नियोजनकार सहज काढतात. तो निष्कर्ष उथळ आहे. ज्या काळात विरार लहान गाव होते त्या काळी डोंगराचे पाणी गावाला पुरत होते आणि गावाला डोंगर राखण्याचे कारण होते. नळाला सूर्याचे पाणी आले तेव्हा ते कारण नाहीसे झाले. पाणलोट, म्हणजे ज्या उतारांवरचा पाऊस एका जलाशयात उतरतो ते क्षेत्र, हा शब्द तेव्हापासून फुलपाड्यात कोणाच्या रोजच्या व्यवहाराचा राहिला नाही. धरणाच्या पाण्याचे मोल लिटरांत मोजणे चुकीचे आहे. त्या एका दशलक्ष लिटरासाठी वरचा संपूर्ण पाणलोट झाडीखाली राहणे अटळ होते, आणि तीच त्याची खरी किंमत होती.

जुलै २०१८ मध्ये सलग पडलेल्या पावसात वसई-विरार पाण्याखाली गेले, मिठागरात लोक अडकून पडले, वीज आणि रेल्वे बंद पडली. त्यानंतर कारणे शोधण्यासाठी नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आणि भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई यांच्याकडे सत्यशोधनाचे काम सोपवण्यात आले. पुराची चर्चा तेव्हा मुख्यतः नाले, खाड्यांची मुखे आणि भरणी यांभोवती फिरली, आणि ते आवश्यकच होते. पण नाल्याचा उगम कोठे आहे, हा प्रश्न त्यात मागे पडला. शहरातील नाले हे मुळात डोंगरावरचे ओहोळ होत. त्यांना सिमेंटच्या भिंती आणि क्रमांक मिळाले तेव्हा त्यांची नावे आणि उगम दोन्ही विसरले गेले. चार वर्षांनी, जुलै २०२२ मध्ये, वसई पूर्वेच्या वाघरालपाड्यात दरड घरावर कोसळून माणसे दगावली. पूर आणि दरड या दोन बातम्या वेगवेगळ्या पानांवर छापल्या जातात. डोंगराच्या इतिहासात त्या एकाच प्रकरणाची दोन पाने आहेत.

ज्यांच्या घरावर दरड येते त्यांना अतिक्रमक म्हणून मोकळे होण्याची प्रवृत्ती आहे आणि तिचा स्पष्ट निषेध करायला हवा. डोंगराच्या पायथ्याशी दोन प्रकारची वस्ती आहे. एक पिढ्यान्‌पिढ्यांच्या पाड्यांची, ज्यांचा हक्क २००६ च्या अधिनियमाने तत्त्वतः मान्य केला आहे. दुसरी अलीकडे आलेल्या कष्टकऱ्यांची, ज्यांना दलालांनी वनजमिनीवरच्या चाळींतील खोल्या विकल्या. पहिल्यांच्या हक्काची नोंद करणे आणि दुसऱ्यांना सुरक्षित जागी घर देणे ही शासनाची कामे आहेत. दोघांना एकाच नोटिशीत बसवणे हे प्रशासनाच्या सोयीचे असले तरी इतिहासाला आणि न्यायाला धरून नाही. खोल्या विकणारा दलाल या चर्चेतून बहुधा सुटतो, हेही नोंदवले पाहिजे.

देवस्थानाचा विचारही याच दृष्टीने व्हावा. तेराशेहून अधिक पायऱ्या चढून नवरात्रात लक्षावधी भाविक येतात. रोपवेची सोय झाली आहे. पायथ्याला दुकानांची वस्ती वाढली आहे. श्रद्धेने डोंगराच्या माथ्याचे रक्षण केले, हे मान्य केले पाहिजे, कारण देवीच्या डोंगरावर खाण सुरू करण्याचे धाडस सहसा कोणी करत नाही. पण ते संरक्षण जेथवर मंदिर दिसते तेथवरच पोहोचते. त्याच रांगेचा मागचा उतार देवीचा नाही असे भाविक म्हणणार नाहीत. तो उतार राखण्याची मागणी भाविकांच्या संघटित शक्तीतून पुढे आली तर तिचे वजन पर्यावरणवाद्यांच्या शंभर निवेदनांहून अधिक असेल.

वन्य प्राण्यांनी शहराची हद्द कधीच मानलेली नाही. २०२४ च्या मार्च-एप्रिलमध्ये वसई किल्ल्यात, म्हणजे समुद्राच्या अगदी काठी, बिबट्या वावरत होता आणि अनेक दिवसांच्या प्रयत्नांनंतर तो पिंजऱ्यात सापडला. तो प्राणी रानातून किल्ल्यापर्यंत कोणकोणत्या नाल्यांतून आणि झाडोऱ्यातून आला असेल याचा विचार केला, तर पूर्वेकडचा डोंगर आणि पश्चिमेकडचा किनारा यांच्यामध्ये अजून काही अरुंद वाटा जिवंत आहेत, असे मानावे लागते. महामार्गाचे रुंदीकरण, समर्पित मालवाहू रेल्वेमार्ग, मुंबई-अहमदाबाद द्रुतगती रेल्वे आणि विरार-अलिबाग बहुउद्देशीय मार्गिका हे सारे प्रकल्प याच पट्ट्यातून जातात. प्रत्येक प्रकल्पाचा परिणाम स्वतंत्रपणे तपासला जातो आणि प्रत्येक वेळी तो अल्प ठरतो. एकत्रित परिणामाची तपासणी मात्र कोणत्याच कायद्याने कोणावर बंधनकारक केलेली दिसत नाही.

२००७ मध्ये मंजूर झालेल्या आराखड्याची मुदत २०२१ पर्यंतची होती, आणि पुढच्या आराखड्यात या डोंगराची हद्द नव्याने आखण्याची संधी आहे. त्या हद्दीत केवळ वनखात्याचे दगड न धरता पापडखिंडीचा संपूर्ण पाणलोट, त्यातून उतरणारा प्रत्येक ओहोळ खाडीच्या मुखापर्यंत, ओहोळाच्या दोन्ही काठांची बांधकाममुक्त पट्टी, कापलेल्या पायथ्याची खोदणीपूर्वीची उंची, पाड्यांचे वनहक्काचे दावे आणि खाजणाचे उरलेले तुकडे या सर्वांची नोंद एकाच नकाशावर झाली पाहिजे. जुने महसुली गावनकाशे तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात आहेत, त्यांवर ओहोळ आणि बांध काढलेले आहेत, आणि फुलपाड्यातील वयस्कर रहिवाशांना त्या ओहोळांच्या वाटा अजून माहीत आहेत. हे काम त्यांच्यासोबत, प्रत्यक्ष जमिनीवर चालत, पहिल्या पावसाच्या आठवड्यात करावे, कारण बुजवलेला ओहोळही त्या आठवड्यात आपली जुनी वाट दाखवतो.